पाऱ्याची बाटली कुठल्या कप्प्यात?

ए-२०४ काकू: मंडळी, काल रात्री नातवाचा ताप बघताना जुना थर्मामीटर हातातून निसटला. पारा फरशीभर. सूनबाई झाडू घेऊन धावली, तिला दारातच थांबवलं. झाडूने गोळे आणखी बारीक होतात आणि वाफ वाढते. पोराला दुसऱ्या खोलीत नेलं, खिडक्या उघडल्या, अंगठी-पाटल्या काढून ठेवल्या (पारा सोन्याला धरतो), मग दोन जुन्या पत्रिकांनी गोळे ढकलत ढकलत काचेच्या बाटलीत भरले. फटीतले कण चिकटपट्टीने टिपले. कपाटाखालचा एक गोळा तर टॉर्च लावला तेव्हा चमकला. आता बाटली बाल्कनीत आहे. सकाळच्या कचरागाडीत कुठे द्यायची?

बी-१०३: काकू, नातू कसा आहे?

ए-२०४ काकू: उतरला ताप, देवाची कृपा.

सी-३०१ सेक्रेटरी: काकू, सुक्यात नको, घरगुती घातकच्या कप्प्यात द्या. आपल्या इंदुरात ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा असे सहा प्रकार वेगळे घेतात. बाटलीवर चिठ्ठी लावा आणि सफाई मित्राला तोंडानेही सांगा.
सगळ्यांना कळकळीची विनंती. गेल्या महिन्यात आपल्याच गेटवर गाडीवरच्या ताईंचा तळहात फुटक्या ट्यूबलाइटने कापला. सुक्याच्या पिशवीत होती ती. मला त्यांच्याकडे बघवेना. ट्यूब, सीएफएल, मुदत संपलेली औषधं, रंगाचे डबे, झुरळाच्या औषधाच्या बाटल्या, सेल: हे सगळं घातक कचऱ्यातच जातं, २०१६ च्या घनकचरा नियमांतही ते तिथेच होतं.

बी-४०२: ह्यांच्या इन्सुलिनच्या सुया?

सी-३०१ सेक्रेटरी: त्याही. जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट. टोपण लावलेली सुईसुद्धा पिशवीत सुटी टाकू नका.

डी-२०१: हे रिसायकलिंग वगैरे आपल्याकडे बाहेरूनच आलं ना?

ए-१०१ आजोबा: नाही रे बाळा. माझ्या लहानपणी रामबागेत बोहारीण यायची. आई जुनी लुगडी ओट्यावर मांडायची, बोहारीण एकेक पदर उजेडात धरून विरलेलं शोधायची, आणि अर्धा तास घासाघीस झाली की एक पातेलं मिळायचं. जरीचा काठ असेल तर भाव वेगळा, कारण जर जाळून चांदी काढत. उरल्या चिंध्यांची गोधडी. विलायतेत १८१३ साली बॅटली गावात बेंजामिन लॉने लोकरीच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढलं. तेच काम आज आपल्या पानिपतात चालतं. त्रिकोणी बाणांचं चिन्ह तर १९७० चं, गॅरी अँडरसन नावाच्या विद्यार्थ्याने काढलेलं.
पण बोहारणीच्या गाठोड्यात पारा कधीच नव्हता. कापड, तांबं, रद्दी यांना गिऱ्हाईक होतं. थर्मामीटर, सेल, सुया घ्यायला कोणी दारात आलं नाही, म्हणून आपल्याला त्या वेगळ्या ठेवायची सवयच लागली नाही.

बी-१०३: आजोबा, इन्व्हर्टरची बॅटरी भंगारवाला घेतो की.

ए-१०१ आजोबा: त्याला नको देऊ. काही जण आम्ल जमिनीवर ओततात आणि शिसं उघड्यावर वितळवतात. नवी घेताना जुनी दुकानदारालाच परत कर, पैसेही कमी होतात.

सी-३०१ सेक्रेटरी: उद्यापासून प्रत्येक जिन्याखाली लाल झाकणाचा डबा ठेवतो. पिशवी बांधून टाका, चिठ्ठी हवीच.

ए-२०४ काकू: बाटली दिली हो. गाडीवर त्याच ताई होत्या, हाताला अजून पट्टी आहे. पारा म्हटल्यावर त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली.