स्पॅनिशमध्ये नाव-गाव कसं सांगायचं? (सोसायटी ग्रुपवरून)

ए-३०४: भाची सप्टेंबरमध्ये वालेन्सियाला शिकायला चाललीय. ओळख करून देण्यापुरतं तरी नीट बोलता यावं म्हणते. सुरुवात कुठून करू दे?

सी-५०२: काकू, आधी एवढं पक्कं होऊ दे: 'ओला. मे यामो मीरा. सोय दे पुणे. एन्कांतादा.' नमस्कार, माझं नाव मीरा, मी पुण्याची, भेटून आनंद झाला. शेवटचा शब्द मुलगा म्हणताना 'एन्कांतादो' होतो. समोर कोण आहे ते बघायचं नाही, बोलणारा कोण ते बघायचं; आपण 'मी आले', 'मी आलो' म्हणतो तसंच. गोंधळ होत असेल तर 'मूचो गुस्तो' म्हणावं, ते दोघांनाही चालतं.

बी-१०१: 'मे यामो एस मीरा' हमखास ऐकू येतं, ते चूक. 'यामो' हेच क्रियापद आहे, त्याला वर 'एस' (आहे) लागत नाही. इंग्रजीवरून वाक्य बांधलं की असं होतं. मराठीवरून शिकू दे, खूप सोपं जाईल. 'पुण्याची आहे' म्हटलं की 'मी' वेगळं सांगावं लागत नाही, तसंच 'सोय'चं.

ए-३०४: आणि उच्चार?

सी-५०२: त, द, प, क आपलेच ठेवायचे. इंग्रजीच्या सवयीने 'ब्वेनास तार्देस'चं (दुपारचा नमस्कार) 'टार्डेस' होतं, ते कानाला खटकतं. च चिमणीतला, चमच्यातला नाही. 'ओला'च्या स्पेलिंगमधला एच मुका. व्ही दिसला तरी ब म्हणायचं, म्हणून तिकडे स्पॅनिशमध्ये शहराचं नाव 'बालेंथ्या' असं ऐकू येईल.

डी-२०३: वयाला 'सोय' लावू नये. 'तेंगो बेइंतिदोस आन्योस', म्हणजे बावीस वर्षं 'माझ्याकडे आहेत'. मेसेज टाइप करताना 'आन्योस'मधल्या एनवरची नागमोडी रेघ हवीच. ती सुटली तर वर्षांऐवजी गुदद्वार असा अर्थ होतो. मोबाइलवर एन दाबून धरला की ते अक्षर मिळतं.

ई-४०१: बरोबरीच्यांना 'कोमो ते यामास?' (तुझं नाव काय?), वयस्कर घरमालकीणबाईंना 'कोमो से यामा उस्तेद?'. तू आणि तुम्ही, बस्स. स्पेनमध्ये लोक लवकर 'तू'वर येतात, पण ते त्यांनी सुचवावं. आणि दुपारी एक वाजता 'ब्वेनोस दीआस' ऐकलं तर दचकू नये, जेवण होईपर्यंत त्यांची सकाळच असते. 'ब्वेनास नोचेस' मात्र रात्री भेटतानाही म्हणतात आणि निघतानाही.

ए-३०४: फॉर्मवर दोन आडनावं मागतात म्हणे?

डी-२०३: हो, तिथे सहसा पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं. दुसऱ्या रकान्यात वडिलांचं नाव टाकू नये, तो रिकामा ठेवावा. पासपोर्टवर जे आडनाव म्हणून छापलंय तेवढंच पहिल्या रकान्यात, बाकीचं 'नोम्ब्रे'मध्ये, म्हणजे नावाच्या रकान्यात. नाहीतर तिथल्या ओळखपत्रावरचं नाव पासपोर्टशी जुळत नाही.