दाताच्या इम्प्लांटच्या दोन कोटेशन्समध्ये एवढा फरक का?

खालच्या दाढेच्या इम्प्लांटसाठी एका डेंटिस्टने १८ हजार सांगितले आणि दुसऱ्याने ५५, मग खरं कोणाचं असं विचारलंय तुम्ही, पण अहो हे दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे आहेत का ते आधी बघा. जबड्याच्या हाडात बसतो तो टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर अबटमेंट म्हणजे स्क्रू आणि कॅप जोडणारा तुकडा, आणि वर कॅप म्हणजे दिसणारा दात, आणि स्वस्तवाला बरेचदा नुसत्या स्क्रूचं बोलत असतो, कॅपचं बिल तीन-चार महिन्यांनी हाडाने स्क्रू धरला की हातात येतं. कॅप झिर्कोनियाची की मेटल-सिरॅमिक त्यावर परत किंमत बदलते. सीबीसीटी म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, तो वेगळा, हाड कमी निघालं तर बोन ग्राफ्ट म्हणजे तिथे हाड भरणं, ते वेगळं. सगळं धरून लेखी एस्टिमेट मागा, 'ते बघू नंतर' म्हणणाऱ्याकडे मी तरी जाणार नाही.

स्क्रूची कंपनी पण विचारा. स्ट्रॉमन स्विस, ऑस्टेम कोरियन, कोरियन स्वस्त पडतं आणि काही वाईट नसतं, पण नाव न सांगता नुसतं 'इम्पोर्टेड आहे' म्हणाले तर सावध. बॉक्सवरचा लॉट नंबरचा स्टिकर मागून फाईलला चिकटवून ठेवा, कारण पुढे काही सैल झालं आणि डॉक्टर दुसरे असले तर त्याच सिस्टिमचे पार्ट लागतात, नाहीतर शोधत बसा.

शुगर असेल तर एचबीएवनसी म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी आधी करून घ्या, तंबाखू-सिगरेट असेल तर डॉक्टरला खरं सांगा. मुंबईत असाल तर नायर डेंटलला, म्हणजे पालिकेच्या डेंटल कॉलेजच्या हॉस्पिटलला, एकदा दाखवून या, वेळ जाईल पण दुसरं मत तरी मिळेल. आणि ती लाइफटाइम वॉरंटी बहुतेक स्क्रूचीच असते हं, कॅप आणि फी धरलीय का विचारा.