शब्दचर्चा : विकर, पाचकरस आणि ‘साखर’

प्रश्न : ‘लाळेतील विकरामुळे पिष्टमय पदार्थांचे शर्करेत रूपांतर होते’ हे वाक्य शाळेपासून ऐकत आलो. विकर म्हणजेच पाचकरस का? आणि ‘शर्करे’ऐवजी सरळ ‘साखर’ लिहिलं तर काय बिघडतं?

उत्तर : दोन्ही वेगळे. पाचकरस हा द्रव; त्यात पाणी, क्षार आणि बहुधा विकरं असतात. विकर म्हणजे त्यातलं विशिष्ट प्रथिन, जे एका ठरावीक रासायनिक क्रियेचा वेग वाढवतं आणि स्वतः खर्ची पडत नाही. पित्त घ्या. तो पाचकरस आहेच, पण पचनाचं एकही विकर त्यात नसतं; त्यातले क्षार स्निग्ध पदार्थांचे बारीक थेंब करतात. त्यामुळे ‘पित्तातली पाचक विकरं’ हा प्रयोग चूक. ‘वितंचक’ असाही शब्द दिसतो, अर्थ विकर हाच.

‘साखर’ मात्र टाळाच. मराठीत साखर म्हटलं की डब्यातली साखर, म्हणजे सुक्रोज, डोळ्यांपुढे येते. तिच्या रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जोडलेले असतात. स्टार्चमध्ये, म्हणजे पिष्टात, फक्त ग्लुकोजच्या साखळ्या असतात. त्या कितीही तोडल्या तरी सुक्रोज मिळणार नाही. लाळेतलं विकर, अमायलेज, या साखळ्या मधेमधे तोडतं. त्यातून मुख्यतः माल्टोज (दोन ग्लुकोजची जोडी) आणि माल्टोट्रायोज (तीन ग्लुकोजची साखळी) मिळतात. फाटे फुटलेल्या जागचे जोड त्याला तुटत नाहीत, तिथे डेक्स्ट्रिनचे तुकडे उरतात. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचं अमायलेज तेच काम कितीतरी मोठ्या प्रमाणावर करतं आणि शेवटी आतड्याच्या अस्तरावरची माल्टेजसारखी विकरं ग्लुकोज मोकळं करतात. म्हणजे तोंडातच ग्लुकोज तयार होतं, असा अर्थ त्या वाक्यातून काढू नये.

‘पिष्टमय पदार्थ’ही मला खटकतं, कारण हा शब्द सगळ्याच कर्बोदकांसाठी वापरला जातो. दुधातलं लॅक्टोजही कर्बोदकच, पण लाळेचा त्यावर काही परिणाम होत नाही. इथे ‘स्टार्च’ किंवा ‘पिष्ट’ म्हणावं.

प्रश्न : टायलिन आणि डायस्टेज?

उत्तर : टायलिन हे लाळेतल्या अमायलेजचंच जुनं नाव. डायस्टेज हेही स्टार्च तोडणारं विकर; ते 1833 मध्ये पायेन आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आणलेल्या बार्लीतून वेगळं केलं. विकरांच्या नावांमागे लागणारं ‘एज’ याच नावातून आलं.

प्रश्न : ‘लाळेत स्टार्च विरघळतो’ असं सर्रास बोलतात. चालेल?

उत्तर : नाही, आणि हे डोळ्यांनी पाहता येतं. स्टार्चच्या पातळ खळीत आयोडीनचा थेंब टाकला की गडद निळा रंग येतो. तीच खळ लाळ घालून कोमट ठेवा आणि थोड्या थोड्या वेळाने थेंब काढून तपासा: निळा, मग जांभळट, तांबूस, आणि शेवटी आयोडीनचा स्वतःचा पिवळसर रंग. नुसता विरघळला असता तर स्टार्च स्टार्चच राहिला असता आणि निळा रंग येतच राहिला असता. उकळलेली लाळ घातली, तर तो खरोखरच येत राहतो, कारण उष्णतेने विकर निकामी झालेलं असतं.

म्हणून बोलताना ‘तुटतो’, लिहिताना ‘विघटन होतं’. शास्त्रीय मजकुरात ‘जलीय विच्छेदन’ सर्वांत नेमकं; प्रत्येक जोड तुटताना पाण्याचा एक रेणू वापरला जातो, ते या शब्दात आलेलं आहे.