निवाऱ्यात ‘जेवण आणू नका’ म्हणाले, मग मी काय करू? (ठाणे)

चेंदणीकर

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी ठाण्यात राहते, नोकरी वाशीला, हिशेब खात्यात. मुलगी शिकायला पुण्याला गेल्यापासून रविवार खायला उठतो. रोज रात्री ठाणे स्टेशनात उतरून सॅटिसखालून (स्टेशनबाहेरच्या उंच पुलाखालून) बाहेर पडताना कडेला झोपलेली माणसं दिसायची, पण पाय थांबत नव्हते. जुलैत एकदा धो धो पाऊस होता आणि एका आजींनी अंगावर फ्लेक्स ओढून घेतला होता. कुणाच्या तरी वाढदिवसाचा. आजी आत मुटकुळं करून झोपलेल्या आणि त्यांच्या अंगावर हात जोडून हसणारे दादा. ते काही डोक्यातून जाईना. बेघरांसाठी पालिकेचा निवारा असतो हे मला तोवर ठाऊकसुद्धा नव्हतं. विचारत विचारत गेले.

पहिल्या रविवारी सोसायटीत पैसे जमवून पुलावाची ६० पाकिटं आणि जिलबी नेली. आत माणसं चाळीसच्या आसपास. आमच्याआधी एक कुटुंब मुलाचा वाढदिवस करून गेलेलं, केकचा खोका कोपऱ्यात पडलेला. आम्ही वाटत होतो तोवर कुठल्याशा मंडळाचे वडापाव आले. तिथला व्यवस्थापक अगदी तरुण मुलगा आहे. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, आजचं हे तिसरं जेवण. मंगळवारी कुणी फिरकत नाही. पुढच्या वेळी जेवण नका आणू.”

खरं सांगते, राग आला. पण तेवढ्यात एका काकांनी पाकीट घेतलं, न उघडता उशाशी ठेवलं आणि विचारलं, “बाई, नेलकटर आहे का?” पर्समध्ये होता. त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही, त्यामुळे पायाची नखं कापता येत नाहीत. वाढून पार आत वळली होती. मी खाली बसून कापली. मान वर केली तर मागे रांग! त्या दिवशी ११ जणांची नखं कापली, पुलाव कुणाला आवडला ते विचारायचं राहूनच गेलं.

त्यानंतर चार रविवार गेले आहेत आणि आता डोक्यात नुसता गुंता आहे.

त्या काकांचं असं की वय ६५ च्या पुढे, वागळे इस्टेटमध्ये एका प्लेटिंगच्या कारखान्यात वीस-बावीस वर्षं काढली. कारखाना बंद पडला, भाड्याची खोली गेली, मग फलाटावर झोपेत पिशवी गेली. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक, सगळं त्यात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका रुग्णालयाच्या खिडकीवरून आम्हाला दोनदा परत पाठवलं, ‘आधार आणा’ म्हणून. ॲसिडमध्ये काम करून बोटांचे ठसे झिजलेत आणि डोळ्यांचं हे असं, मग नवीन आधार निघणार तरी कसं? बोलता बोलता ते म्हणाले की जालन्याकडे गाव आहे, मुलगा आहे. मी त्या गावच्या एका माणसाचा नंबर खटपट करून मिळवलाय. अजून लावला नाही. लावू का?

दुसरं, आमच्या पुलाखाली एक बाई बसते. चाळिशीची असेल. गाठोडी, दोन कुत्री, अखंड स्वतःशी बोलणं. निवाऱ्यात चला म्हटलं तर दगड उचलते. ऑफिसातले म्हणतात पोलिसांना कळव आणि मोकळी हो.

आणि घरचे अहो म्हणतात, “एक दिवस टीबी घेऊन येशील.” त्यांनाही काहीतरी उत्तर द्यायचंय.

अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

---

रात्रपाळी

मी एका निवाऱ्यात सहा वर्षं काळजीवाहक होतो (ठाण्यातल्या नाही). तुमचा तो व्यवस्थापक शहाणा मुलगा आहे, त्याचं ऐका. रविवारी आणि १५ ऑगस्टला आमच्याकडे इतकं अन्न यायचं की रात्री टाकायला पिंप पुरत नसे. गोड खाऊन मधुमेहवाल्यांची साखर वाढायची, ती निस्तरायला सोमवारी आम्ही.

तुम्हाला द्यायचंच असेल तर आधी विचारून द्या. आमची यादी कायम हीच असायची: आतले नवे कपडे (जुने कुणी कुणाचे घालत नाही, ते लोकही घालत नाहीत), मापाच्या चपला, कुलूप लागणारी छोटी पेटी. पेटी फार मोठी गोष्ट आहे. ज्याची पिशवी एकदा चोरीला गेलीय तो माणूस चपला उशाखाली घेऊन झोपतो, बघा कधीतरी.

लोक ‘रात्र निवारा’ म्हणतात म्हणून गैरसमज होतो. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांत निवारा २४ तास आणि वर्षभर उघडा पाहिजे असं होतं. लाख लोकसंख्येमागे किमान १०० माणसांची सोय, एका निवाऱ्यात ५० ते १०० माणसं, माणशी ५० चौरस फूट जागा. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर १८ लाखांच्या वर होतं. किती निवारे पाहिजेत याचं गणित हिशेबवाल्या बाईंना मी काय सांगणार! दिवसा माणसांना बाहेर काढत असतील तर तेवढं मात्र विचारा.

आणि तो नंबर. काकांनी सांगितलं का लावायला? नसेल सांगितलं तर लावू नका. मी एकदा लावला होता. मला वाटलं, म्हाताऱ्याला घरी पोचवून पुण्य मिळवतोय. मुलगा दोन दिवसांनी आला, हॉलमध्ये सगळ्यांदेखत बापाला नको नको ते बोलला आणि परत गेला. त्या रात्री आजोबा निवारा सोडून गेले. नंतर कधी दिसले नाहीत.

---

सिस्टरबाई

ताई, तुमच्या हातांना नमस्कार, पण एकच नेलकटर ११ जणांना?? पुन्हा करू नका हो. आत वळलेल्या नखाजवळ जरा कापलं की रक्त येतं, आणि तोच नेलकटर पुढच्याला. प्रत्येकाला स्वतःचा द्या, वीस-तीस रुपयांची गोष्ट. मधुमेह असेल त्यांची पायाची नखं तुम्ही कापूच नका, पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, मग जखम झालेली कळत नाही. आधी पाय कोमट पाण्यात, मग पुसून, मग सरळ रेषेत. कोपरे खोल घ्यायचे नाहीत.

अहोंना सांगा, टीबी लोकलमध्येही लागू शकतो. ज्याला दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे त्याची थुंकी तपासून घ्या, सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधं मोफत. निदान झालं की निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये मिळतात, पण ते बँक खात्यात येतात. म्हणजे पुन्हा कागदाशीच गाडी येऊन थांबते. तुम्ही मास्क लावा आणि हॉलच्या खिडक्या उघड्या ठेवायला सांगा. चादरी लावून बंद केलेल्या असतात बहुतेक, डासांपायी.

---

स्पष्टवक्ता

कुणाला आवडो न आवडो, यातले निम्मे गर्दुल्ले असतात. कामधंदा नको, फुकटचं हवं. तुमच्यासारख्यांमुळे यांची संख्या वाढते.

---

रात्रपाळी

@स्पष्टवक्ता, नशा करणारे असतात, नाही म्हणत नाही. पण आमच्याकडचे निम्म्याहून जास्त पुरुष सकाळी सहाला कामावर जायचे. केटरिंगला वाढपी, नाक्यावर बिगारी, लग्नात डोक्यावर दिवे धरणारे. ज्यांनी तुमच्या घरच्या लग्नात जिलबी वाढली त्यांतलाच एखादा. पगार होता, खोलीचं डिपॉझिट नव्हतं.

---

झेरॉक्सवाला

काकांच्या कागदांबद्दल. मी ही कामं करत आलोय, म्हणून सविस्तर.

आधी ‘नवीन आधार’ हा शब्द डोक्यातून काढा. कार्ड चोरीला गेलं, आधार गेलेलं नाही. काकांना नाव, जन्मसाल, तेव्हाचा पत्ता, पिनकोड यांतलं जे आठवतं ते एका कागदावर उतरवून घ्या आणि त्यांना शेजारी बसवून १९४७ ला फोन लावा. तोच आधारचा मदत क्रमांक. माहिती जुळली तर तिथून पुढची वाट कळते. नवीन नोंदणी करायला गेलात तर ठसे जुन्याशी जुळून ती बाद होईल. एवढ्यावरून आधीचं आधार शाबूत आहे हे तरी कळेल, पण फुकट महिना जाईल.

ठसे झिजले तरी दहा बोटांतलं एखादं बहुतेक वेळा जुळतं. आणि मोतीबिंदूला घाबरू नका. तो बुबुळाच्या मागच्या भिंगात असतो, त्यामुळे बुबुळाचा स्कॅन बहुतेक वेळा होऊन जातो. निवाऱ्याचा पत्ता लावायचा असेल तर मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र द्यायचं असतं. आधी केंद्रावर नमुना विचारा, साध्या लेटरहेडवर चार ओळी लिहून नेल्या की परत पाठवतात.

मतदार कार्डाचं ऐकून गंमत वाटेल. बेघर माणसाने नमुना ६ (मतदार नोंदणीचा अर्ज) भरला की बीएलओने (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने) रात्री त्या जागी जाऊन तो तिथे खरंच झोपतो का ते बघायचं असतं, एकाहून जास्त रात्री. पत्त्याचा पुरावा लागत नाही, तिथे झोपलेला माणूस हाच पुरावा. फक्त बीएलओ रात्रीचा येतो का, यासाठी मागे लागावं लागतं.

रुग्णालयात खिडकीशी वाद घालण्यात अर्थ नाही. तिथे समाजसेवा अधीक्षक नावाचं पद असतं, त्यांची खोली शोधा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली मोफत होते, आणि बेवारस, कागद नसलेल्या रुग्णांचं काय करायचं हे त्यांच्या रोजच्या कामातलं आहे.

---

कर्जत लोकल

पुलाखालच्या बाईंबद्दल लिहिते. माझी मावशी अशीच घर सोडून गेली होती, सात वर्षांनी सापडली, म्हणून आत्मीयतेने.

आधी ‘चला’ म्हणणं थांबवा. भिक्षा प्रतिबंधाचा १९५९ चा कायदा आहे, त्याखाली माणसं गाडीत घालून नेतात. रस्त्यावर राहणाऱ्याच्या कानात ‘चला’ म्हणजे ती गाडी. शिवाय तिची कुत्री निवाऱ्यात घेणार आहेत का? तिच्या रात्रीच्या राखणदारांना सोडून ती पुरुषांनी भरलेल्या हॉलमध्ये का येईल? बायकांसाठी वेगळी जागा आहे का हे आधी बघून ठेवा.

रोज जाता-येता एक चहा. तिच्या हातात नाही, जरा लांब ठेवायचा आणि आपलाही तिथेच प्यायचा. नाव विचारायचं नाही. कुत्र्यांची नावं विचारा, ती सांगेल.

जखमा असतील, खाणंपिणं सुटलं असेल, गाड्यांत शिरत असेल तर मात्र थांबू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० प्रमाणे अशा भटकणाऱ्या आजारी व्यक्तीला संरक्षण देऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. ठाण्यात तर १९०१ पासूनचं मनोरुग्णालय आहे. पोलिसांशी बोलताना ‘उचला’ म्हणू नका, कलमाचा आकडा सांगा आणि बरोबर महिला पोलीस मागा. नुसता सल्ला हवा असेल तर १४४१६ टेलिमानस, ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, मराठीत बोलतात.

कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था नेमकं हेच काम करते: रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार आणि मग घरी पोचवणं. त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे मिळालं.

---

चेंदणीकर

सगळ्यांचे आभार. नेलकटरचं वाचून रात्रभर झोप नाही आली हो सिस्टरबाई! दुसऱ्या दिवशी जांभळी नाक्यावरून ४० नेलकटर घेतले, प्रत्येकाला दोऱ्यात ओवून दिले. दुकानदार विचारतो, “पार्लर काढताय का?”

तीन आठवड्यांत जे झालं ते लिहिते. १९४७ ला दोनदा लावला. पहिल्यांदा पिनकोड चुकला, काकांना खोलीचा पत्ता आठवत होता पण पिन कारखान्याचा सांगत होते. दुसऱ्यांदा जुळलं. केंद्रावर उजव्या हाताचं एकही बोट लागेना, शेवटी डाव्या करंगळीने काम केलं. छापील कागद हातात दिला तर दिसत तर नव्हतंच, पण त्यांनी तो नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि सदऱ्याच्या आत सरकवला. पेटी आणलीय त्यांच्यासाठी, किल्ली गळ्यात.

मुलाला फोन लावायचा का, हे शेवटी त्यांनाच विचारलं. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “डोळे होऊ दे. त्याचा चेहरा दिसला पाहिजे, काय म्हणतोय ते कळायला.” नंबर मी चिठ्ठीवर लिहून त्यांच्या पेटीत टाकलाय आणि माझ्या मोबाइलमधून काढून टाकलाय.

पुलाखाली आठ चहा झाले. कुत्र्यांची नावं राजा आणि हवालदार. अजून एवढंच.

आता पुन्हा मदत हवी आहे. समाजसेवा अधीक्षक भेटल्या, चांगल्या निघाल्या, एका डोळ्याची तारीख ३० सप्टेंबर मिळालीय. आणि नेमकी आमची सहामाही त्याच दिवशी बंद होते, मला सुट्टी मिळणं अशक्य. सकाळी साडेआठला त्यांना घेऊन जायला आणि संध्याकाळी परत आणायला कुणीतरी पाहिजे. नंतर ड्रॉप घालायचे आहेत दिवसातून सहा वेळा. सकाळचे मी ऑफिसला जाताना घालीन, रात्रीचे येताना. मधले चार?

---

झेरॉक्सवाला

३० ला मी आहे. दुकान भाऊ बघेल. काकांना ओळखू कसं?

---

सिस्टरबाई

मधल्या चारांसाठी निवाऱ्यातलाच एक डोळस माणूस तयार करा, दोन दिवस मी येऊन शिकवते. हात साबणाने धुवायचे, बाटलीचं टोक पापणीला लावायचं नाही. ड्रॉप घातला की बोटावर खूण. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

---

चेंदणीकर

@झेरॉक्सवाला, गळ्यात दोऱ्याला पेटीची किल्ली आणि नेलकटर असेल. तेच काका.