फटाक्यांत कुत्र्याला 'जवळ घेऊ नका' म्हणणाऱ्यांसाठी

रंकाळाकाठ: "कुत्रं थरथरलं तर दुर्लक्ष करा, गोंजारलं की घाबरायची सवय लागते, फारच झालं तर झोपेची गोळी द्या." काल ही पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरत होती. वाचून डोकं उठलं.

भीती म्हणजे खोडी नव्हे, लाडानं वाढायला. पायाशी येऊन बसलं तर बसू द्या, पाठीवर हात ठेवा. पलंगाखाली गेलं तर ओढून काढू नका. आतली खोली, खिडक्या बंद, पंखा आणि टीव्ही चालू. फिरवून आणायचं ते उजेडात, पट्टा लावून.

गोळीचं म्हणाल तर पूर्वी सर्रास ॲसेप्रोमॅझिन द्यायचे. कुत्रं पडून राहतं, पण कान चालूच असतात आणि भीतीही तशीच. आता डॉक्टर वजन बघून ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन अशी भीती कमी करणारी औषधं देतात, तेही आधी एकदा देऊन बघून. फटाक्यांचं रेकॉर्डिंग बारीक आवाजात लावून सोबत चिकनचा तुकडा द्यायचा, हा उपाय चांगला आहे, पण तो गणपतीतच सुरू करायचा. वसुबारसेला जाग येऊन उपयोग नाही.

पेठेतला गडी: दिवाळी वर्षातनं चार दिवस! आमच्या आज्जानं कुत्री पाळली ती काय गोळ्या देऊन? गावठी कुत्री बघा, माळ लागली तरी झोपून असत्यात.

शाहूपुरीची ताई: झोपत नाहीत दादा, पळून जातात. आमच्या गल्लीतली लाली लक्ष्मीपूजनाला गेली ती भाऊबीजेला पंचगंगा घाटावर सापडली, पंजे सोलपटलेले. आणि चार दिवस म्हणे! सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये दिवाळीला रात्री ८ ते १० एवढीच वेळ दिली. नरकचतुर्दशीला पहाटे सुतळी बॉम्ब लावणाऱ्याला घड्याळ कळत नाही का?

राजारामपुरीकर: दिवाळीचं काय घेऊन बसलाय? ती कॅलेंडरात तरी असते. शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल फायनलचं बोला. गोळी द्यायची तास-दोन तास आधी. मॅच टायब्रेकरला गेली तर गोळी कधी द्यायची? गेल्या खेपेला दिली, तर समोरचा संघ जिंकला आणि फटाके भलत्याच पेठेत वाजले. आमचं कुत्रं उगाच डुलत बसलं.

पेठेतला गडी: फुटबॉलचं नाव काढायचं काम नाही. संस्थानाच्या काळापासनं खेळतोय आम्ही. तुमच्या गणपतीची डॉल्बी चालते का मग?

राजारामपुरीकर: डॉल्बी मी लावतो का? मी तर तिच्याविरुद्ध तक्रार केलेला माणूस. त्यावरनं मंडळानं वर्षभर वर्गणीची पावती फाडली नाही, तेवढाच फायदा.

पेठेतला गडी: म्हणजे फुकटे.

शाहूपुरीची ताई: विषय कुत्र्याचा होता. म्हातारी माणसं, तान्ही बाळं तर अजून आलीच नाहीत यात.

पेठेतला गडी: बरं बाई. घ्या जवळ, पदराखाली घ्या, माझ्या बापाचं काय जातंय. तालमीच्या दारातलं आमचं कुत्रंसुद्धा माळ लावली की आखाड्यात घुसतंय, एवढं खरं. रात्री दहानंतर आमच्या गल्लीत वाजणार नाही, बघतो मी. पण फायनल जिंकली तर वाजणार म्हणजे वाजणार.

रंकाळाकाठ: वाजवा की. फक्त तासभर आधी ग्रुपवर टाका.

पेठेतला गडी: तासभर आधी टाकलं आणि हरलो तर? अपशकून करायला लावताय व्हय!