बडवाणीहून भुषाला बोट आणायची आहे: नर्मदेतून चालवत की आयशरवर?

काठावरचा (धडगाव)
राम राम मंडळी. आमच्या मच्छीमार गटाने बडवाणीच्या राजघाटाजवळ जुनी फायबरची बोट घेतली आहे. लांबी 18 फूट, रुंदी 6 फूट, रिकामं वजन 400 किलोच्या आसपास. सोबत मागे लावायचं 15 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन (इंजिन). डिसेंबरात धडगाव तालुक्यातल्या, नर्मदेवरच्या भुषाच्या काठाला आणायची आहे. गटातले निम्मे म्हणतात, सरदार सरोवराचा फुगवटा तिकडून इकडे सलग आहे, मशीन लावा आणि या, भाडं कशाला? बाकीचे म्हणतात, खेतिया-शहाद्यावरून आयशर (ट्रक) करा. बोट कोणीच नीट चालवून पाहिलेली नाही. काय करावं?

शहादेकर
शेवटून दुसरं वाक्य लिहिलंत तिथेच उत्तर आलं. न तपासलेली बोट, न तपासलेलं मशीन आणि आपल्याला अनोळखी पाणी, ही तिन्ही एकाच दिवशी नकोत. आयशर करा.

गाडी 19 किंवा 20 फुटी बघा. 17 फुटीत बोट एक फूट बाहेर येते, फाळका उघडा ठेवावा लागतो आणि नाक्यावर तेवढंच निमित्त पुरतं. बोटीची 6 फूट रुंदी 19 फुटीच्या हौद्यात बसते, तरी बुकिंगआधी आतली रुंदी टेपने मोजा. गाडीवाल्याच्या तोंडी मापावर जाऊ नका.

चढवायला दहा माणसं पुरतात, हायड्रा (क्रेन) लागत नाही. नाक केबिनकडे, मागची फळी (मशीन लागते ती) फाळक्याकडे. बोट थेट पत्र्यावर टेकवायची नाही. मधल्या कण्याखाली तीन ठिकाणी लाकडी ठोकळे द्या आणि दोन्ही कुशींना जुने टायर किंवा भुसा भरलेली पोती. सगळं वजन कण्यावर राहिलं पाहिजे, पोती फक्त तोल धरण्यासाठी. कुशीवर वजन आलं की खड्ड्यात फायबरला केसासारख्या चिरा पडतात. त्या तेव्हा दिसत नाहीत, पाण्यात गेल्यावर कळतात.

दोर बोटीच्या काठावरून आडवा टाकून आवळू नका, काठ आत दबतो. पुढच्या कडीतून एक आणि मागच्या फळीच्या दोन कड्यांतून दोन, असे बांधा. रॅचेट पट्टे असतील तर उत्तम. पहिल्या 20-25 किलोमीटरला गाडी थांबवून परत ताण घ्या, कारण पोती दबतात आणि दोर हमखास सैल होतो. तळाचं बूच काढून ठेवा. ताडपत्री घातलीत तर ती फडफडणार नाही अशी घट्ट, नाहीतर वाऱ्याने घासून रंगाची वरची झिलई घालवते.

आणि शहाद्यावरूनच धडगावला चढा. तळोद्याकडून चांदसैली घाटाने भरलेली आयशर नेण्यात शहाणपणा नाही.

मशीनवाला
वरचं सगळं बरोबर. फक्त मशीन बोटीवर लावून आणू नका. गचके बसले की त्याचं सगळं वजन मागच्या फळीवर तरफेसारखं येतं. उतरवा, आधी पाच मिनिटं उभं धरून आतलं पाणी निथळू द्या, मग गादीवर आडवं ठेवा. डोकं वर, पंख्याची बाजू खाली. उलटं झालं तर नळीतलं उरलेलं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. पेट्रोल टाकी रिकामी करून न्या.

पैसे पूर्ण देण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, मागची फळी. फायबरच्या आत प्लायवूड असतं आणि बोल्टच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजतं. लाकडी मुठीने ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आत कूज. मशीन लावून त्याचा पाय हाताने वरखाली दाबा, फळी वाकली तर भाव पाडा किंवा सोडा. दोन, वजन. बोटीच्या तळफळीखालच्या पोकळीत फोम असतो, तो पाणी पिऊन बसला की 400 ची बोट 500 ची होते आणि 15 हॉर्सपॉवर ओढत नाही. दहा माणसांना ती उचलेनाशी झाली, तर तीच तपासणी समजा.

तळठाव
पाण्याची बाजूही मांडतो, कारण ती अगदीच वेडेपणाची नाही. डिसेंबरात पाणी बहुधा भरपूर असतं. उन्हाळ्यात पातळी उतरली की वरच्या टोकाला खडक उघडे पडतात, तेव्हा विषयच नको.

पण "खाली जायचं म्हणजे प्रवाह नेईल" हे डोक्यातून काढा. फुगवट्यात प्रवाह जवळपास नसतो, सगळं अंतर मशीनच तोडणार. राजघाट ते भुषा सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटर, वळणं धरून त्याहून बरंच जास्त. हिशेबाला 100 धरा. ताशी 15 च्या वेगाने सात तास, तासाला 6 लिटर म्हणजे 42 लिटर. वर निम्मं राखीव, म्हणजे 63. पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल 50 ला 1, लिटरमागे 20 मिली, म्हणजे सव्वा लिटरच्या वर. वाटेत पंप नाही, बऱ्याच भागात मोबाईलला रेंजही नाही.

धोका खोलीचा नाही, पाण्याखालच्या वस्तूंचा आहे. राजघाटचा जुना पूल, बुडालेली गावं, उभी वाळलेली झाडं आणि मच्छीमारांची जाळी. फांदी पाण्याखाली वीतभर असली तरी दिसत नाही. जाळं पंख्यात अडकलं तर मशीन बंद करून, पाय वर उचलून, बोटीतूनच कापा. मगरी आहेत, पाण्यात उतरायचं नाही.

जायचंच ठरलं तर आदल्या दिवशी घाटाजवळच दोन तास चालवा. मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार सतत बाहेर येते का बघा. धार बारीक झाली म्हणजे इंपेलर (पाणी ओढणारा रबरी पंखा) गेला, आणि तो न बदलता निघालात तर मशीन जाम होणार. सोबत दोन स्पार्क प्लग, पंख्याची पिन, स्टार्टरची दोरी, इंधनाचा फिल्टर, दोन वल्ही. स्थानिक वाटाड्या आणि बरोबर दुसरी बोट. धुकं उठलं की निघा. एका दिवसात पोचण्याचा हट्ट धरू नका, अंधारात तर अजिबात चालवू नका. प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आणि पाहुणे नकोत. 2019 च्या संक्रांतीला भुषाजवळ बोट उलटून माणसं गेली, ते तुम्हाला सांगायला नको.

काठावरचा (धडगाव)
मंडळी, आयशर पक्की. पण धडगावच्या पुढे काठापर्यंत मोठी गाडी उतरवणं अवघड आहे. तिथे काय?

शहादेकर
काय भो, त्यासाठी ट्रॅक्टर आहे ना! धडगावलाच बोट आयशरमधून ट्रॉलीत हलवा. ट्रॉली बोटीपेक्षा आखूड असते, म्हणून मागची फळी ट्रॉलीत ठेवा आणि नाक मागे बाहेर राहू द्या. नाक हलकं असतं. बाहेरच्या टोकाला लाल फडकं बांधा. उतारावर ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये, न्यूट्रल अजिबात नाही. काठाला ओल्या मातीवर चार-पाच गोल बल्ल्या आडव्या टाका आणि बोट त्यांवरून ढकला, मागून दोर धरून. पाण्यात जाण्याआधी तळाचं बूच लावलंय ना, हे एकाच माणसाच्या अंगावर टाका. सगळ्यांचं काम म्हणजे कोणाचंच नाही.

मशीनवाला
कागद राहिलेच. विक्रीपत्रात बोटीचं माप आणि मशीनचा नंबर लिहून घ्या. विकणारा जीएसटी भरणारा असेल आणि किंमत 50,000 च्या वर असेल, तर राज्य ओलांडताना ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) त्यालाच काढायला लावा. मशीनवर चालणारी बोट अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 खाली नोंदवावी लागते. आधीची नोंदणी असेल तर मूळ प्रमाणपत्र आजच ताब्यात घ्या आणि नाव बदलून घ्या. मासेमारीचा परवाना वेगळा, तो या नोंदणीत येत नाही.