अनुभव धागा: रीडिंग जुळलं नाही तेव्हा

नववी-दहावीला विज्ञान भाग १ शिकवते, मराठी माध्यम. परवा जर्नल तपासायला बसले. ओहमच्या नियमाच्या प्रयोगात (व्होल्ट जितक्या पट, विद्युतधारा तितकीच पट) अख्ख्या वर्गाची रेघ आरंभबिंदूतून सरळसोट गेलेली, रोधही सगळ्यांचा तोच, दशांश चिन्हासकट. एकाच वहीत खोडरबरानं पुसलेल्या आकड्यांचे वण होते. उजेडाकडे धरून वाचले: 1 व्होल्टला 0.16 अँपिअर, 2 व्होल्टला 0.24.

पोरीला बोलावलं. त्यांच्या गटाची रोधाची तार तुटली होती, म्हणून तिनं टॉर्चचा बल्ब जोडला. आलेख वाकला. घाबरून पुसला आणि शेजारणीचा उतरवला. अगं, बल्बचा वाकणारच! आतली तार तापते, रोध वाढतो, व्होल्ट दुप्पट केले तरी धारा दुप्पट होत नाही. नियमातले 'तापमान कायम असताना' हे शब्द आम्ही पोरांकडून घोकून घेतो आणि पुढच्या धड्याला लागतो. पुसायची सवयही आम्हीच लावली असणार.

म्हणून हा धागा. शिकवताना असो की शिकताना, पुस्तकातलं उत्तर आलं नाही असं काही घडलं असेल तर लिहा. सुविचार नकोत, काय झालं ते सांगा.

*

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात. एप्रिलात सरांनी सात-आठ जणांना आमच्याच विहिरीवर नेलं. दगड सोडायचा, 'डुबुक' ऐकू आलं की घड्याळ थांबवायचं, मग ½gt². वेळ आला 2 सेकंद, उत्तर 19.6 मीटर. माझे आजोबा कठड्यावर बसून हसत होते. "आठ परस हाय पाणी, वीस मीटर कुठलं!" दोर सोडून मोजला तर 15 मीटर. आम्हाला वाटलं सूत्र चुकलं. सर म्हणाले, साडेचार मीटर कुठं गेलं ते शोधा, तोवर घरी जायचं नाही. पहिला संशय आवाजावर. पण 15 मीटर वर यायला आवाजाला लागतात जेमतेम 0.04 सेकंद, आणि 15 मीटर पडायला हवेत पावणेदोन सेकंद, म्हणजे चूक तर पाव सेकंदाची! मग पाळीपाळीनं घड्याळ धरलं तर प्रत्येकाचा वेळ वेगळा. साडेचार मीटर आमच्या अंगठ्यात निघाले. वेळेचा वर्ग होतो म्हणजे काय, ते तेव्हा अंगाला लागलं. आजोबांना मात्र शेवटपर्यंत वाटायचं की मास्तरांना विहीर मोजता येत नाही.

*

फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम, चुंबकीय क्षेत्रातल्या तारेवर बल कुठल्या दिशेला ते बोटांवरून सांगणारा. बोर्डाच्या पेपरला मी अंगठा, तर्जनी, मधलं बोट काटकोनात धरून हात फिरवत होतो. पर्यवेक्षकांना वाटलं मागच्याला खुणा करतोय. उठवून पहिल्या बाकावर बसवलं. उत्तर बरोबर आलं, घाम मात्र फुटला.

*

मी शिक्षक नाही, प्रयोगशाळा परिचर होतो, निवृत्त झालो. कपाटाची किल्ली माझ्याकडे. लोलक (प्रिझम) काचेचा, फुटला तर भरून कोण देणार, म्हणून तो फक्त तपासणीला बाहेर निघायचा. पट्टीचुंबकांचीही तीच गत. वर्षानुवर्षं पेटीत कसेही कोंबलेले, उत्तरेला उत्तर लागून. एकदा मॅडमनी चुंबकीय बलरेषा काढायला घेतले तर लोखंडाचा कीस जागचा हलेना. मला काय बोलल्या ते लिहीत नाही. नंतर त्यांनीच दाखवलं: दोन चुंबक उलटसुलट ठेवायचे, एकाच्या उत्तरेजवळ दुसऱ्याचं दक्षिण, मध्ये लाकडी पट्टी आणि दोन्ही टोकांना मऊ लोखंडाचे तुकडे. नवीन पेटी आल्यावर तसंच ठेवत गेलो. लोलक मात्र कुलपातच राहिला. त्याचं वाईट वाटतं.

*

पुण्यात शिकवतो. शून्य सावली दिवस, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली क्षणभर नाहीशी होते तो, इथे साधारण 13 मेला, म्हणजे ऐन सुट्टीत. जुलैअखेरीस पुन्हा येतो, पण तेव्हा सूर्य दिसला तर नशीब. तरी सहा पोरं सोसायटीच्या गच्चीवर आली. मी म्हटलं होतं 'दुपारी', त्यांनी धरलं 12 वाजता. स्टीलची बाटली ठेवली, दोन-अडीच सेंटीमीटर सावली. पाच मिनिटं थांबून 'फेल' म्हणत सगळे खाली! मी पोचलो साडेबाराला, तेव्हा गच्चीत फक्त एकाची आई पापड वाळत घालत होती. सावली गायब झालेली तिनं आणि मीच पाहिली, 12:31 ला. आपली घड्याळं 82.5 अंश रेखावृत्तावर चालतात, पुणं त्याच्या पश्चिमेला साडेआठ अंशांहून थोडं जास्त, एका अंशाला 4 मिनिटं, म्हणजे इथे सूर्य बारानंतर जवळपास 35 मिनिटांनी माथ्यावर. मेच्या मध्यात सूर्य पावणेचार मिनिटं पुढे असतो, ती वजा. हे मी आधी सांगायला हवं होतं. त्या माउलीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बारा वाजता डोक्यावर येतो असं का शिकवता?"

*

ताई, त्या बल्बवालीला मार्क किती दिले?

*

अजून दिलेच नाहीत. काल बल्ब आणून मी स्वतः रीडिंग घेतली, माझा आलेखही वाकला. पण 2 व्होल्टला 0.24 नाही, 0.21 आले. बल्ब वेगळा की अमीटरचा काटाच शून्यावर नव्हता, कळेना. सोमवारी मधल्या सुट्टीत दोघी मिळून बघणार आहोत. तिला पेन आणायला सांगितलंय.